पॅच क्लॅम्प नसताना बॅक्टेरियाच्या मेम्ब्रेनमधलं गेट उघडताना कसं पकडायचं

तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या पोट्ट्यांना प्रोजेक्ट द्यायची वेळ आली की फिरून फिरून तेच विषय येतात, दह्यातले लॅक्टोबॅसिलस, नालीच्या पाण्यातले कोलिफॉर्म, हळदीचा झोन ऑफ इनहिबिशन. यात वाईट काही नाही पण दरवर्षीच्या रिपोर्टमध्ये फक्त नावं बदलतात हे एक्स्टर्नललाही माहीत असते. ज्याला जरा वेगळं काही करायचं असन त्यानं मेकॅनोसेन्सिटिव्ह चॅनेल घ्यावं, म्हणजे मेम्ब्रेन (पेशीचा पातळ पडदा) ताणली की उघडणारे प्रोटीन. लोकं ऐकूनच घाबरतात, काहून की पुस्तकात या विषयाच्या बाजूला पॅच क्लॅम्पचा, म्हणजे मेम्ब्रेनला काचेची पिपेट चिकटवून चॅनेलमधून जाणारा करंट मोजायच्या यंत्राचा, फोटो असते आणि तेवढ्या किमतीत आपल्याकडं अख्खं डिपार्टमेंट उभं होते. पण गेट उघडलं की नाही हे पाहायला करंट मोजायलाच पाहिजे असं काही नाही, बाहेर काय सांडलं ते मोजलं तरी चालते, आणि सांडते ते पोटॅशियम, आणि पोटॅशियम मोजायचं मशीन बहुतेक माती परीक्षण प्रयोगशाळेत असते. पालाश किती आहे हे शेतकऱ्याला सांगतात तोच फ्लेम फोटोमीटर. या सगळ्या पद्धतीचा जीव त्या मशीनमध्ये आहे.

आधी थोडं समजून घ्या नाही तं ट्यूबमध्ये काय होऊन राहिलं ते कळणार नाही.

आपल्याकडं पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला अमरावती बुलडाण्याकडं, खारपाण पट्टा आहे, विहिरीचं पाणी खारं, माती खारवट. मे महिन्यात त्या काळ्या मातीला भेगा पडल्या की मातीच्या कणाभोवती पाण्याचा जो पातळ थर उरते त्यात मीठ घट्ट होत जाते, आणि त्यात राहणारे बॅक्टेरिया आपल्या पोटात पोटॅशियम, ग्लुटामेट, ट्रेहॅलोज, प्रोलीन, बीटेन असं काही ना काही साठवून बाहेरच्या मिठाशी बरोबरी करतात, नाही तं पाणी बाहेर जाऊन ते वाळून जातील. मंग मृगाचा पहिला सडाका येते. पावसाचं पाणी म्हणजे जवळपास डिस्टिल्ड वॉटर. बाहेरचं मीठ एकदम पातळ, आतलं तसंच घट्ट, आणि पाणी धो धो आत. लोणारच्या सरोवरात राहणाऱ्यांचंही तेच, काठाकडं पावसाचं पाणी उतरलं की खारट-अल्कलाईन पाणी पातळ होते. याला ऑस्मोटिक डाऊनशॉक म्हणतात.

आता हिशोब करून पाहा, हा हिशोब पोट्ट्यांकडून फळ्यावर करून घ्याच. बाहेरचं मीठ ०.१ मोलर कमी झालं की सोडियम आणि क्लोराईड मिळून ०.२ ऑस्मोलर (विरघळलेले सगळे कण मिळून मोजलेलं मोलर) कमी होते, आणि ३७ डिग्रीला १ ऑस्मोलर म्हणजे साधारण २५ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे ०.१ मोलरच्या फरकाला ५ अ‍ॅटमॉस्फिअर. आता दुसरी बाजू. लिपिडचा पडदा रबरासारखा ताणत नाही, क्षेत्रफळ ३-५ टक्के वाढलं की फाटते. ताणाच्या भाषेत दहा-बारा मिलिन्यूटन प्रति मीटरच्या जरा वर गेलं की संपलं. लाप्लासचा नियम बारावीत शिकलेला असते, गोल पिशवीत ताण बरोबर दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन. त्रिज्या अर्धा मायक्रॉन धरा, ताण १० मिलिन्यूटन प्रति मीटर धरा, उलटं सोडवलं तं दाब निघते ४० किलोपास्कल. म्हणजे अर्धा अ‍ॅटमॉस्फिअरही नाही! एकटी मेम्ब्रेन अर्धा अ‍ॅटमॉस्फिअर झेलू शकत नाही आणि पावसाचा एक सडाका पाच-दहा-वीस अ‍ॅटमॉस्फिअर घेऊन येते. मंग बॅक्टेरिया पहिल्याच पावसात मरून काहून जात नाहीत, हा प्रश्न पोट्ट्यांनी स्वतःच विचारला पाहिजे, तोवर पुढं जाऊ नका.

उत्तर दोन भागात आहे. एक म्हणजे सेल वॉल. सायकलच्या टायर-ट्यूबसारखं, हवा ट्यूबमध्ये पण भार टायर झेलते, तशी बहुतेक दाबाची जबाबदारी सेल वॉलवर असते. पण वॉलही थोडी ताणते, आणि ती ताणली की आतली मेम्ब्रेन तिच्यामागं ओढल्या जाते. दुसरा भाग म्हणजे चॅनेल, मेम्ब्रेन फाटायच्या जरा आधी उघडतात आणि आतला माल बाहेर सोडतात, दाब उतरते. सगळं एका सेकंदाच्या आत.

हे चॅनेल सापडले ते १९८७ साली, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात, बोरिस मार्टिनाक, चिंग कुंग, ज्युलियस अ‍ॅडलर आणि त्यांच्या सोबत्यांना. ई. कोलाय एवढा लहान की काचेची पिपेट त्याच्यावर लावताच येत नाही, म्हणून त्यांनी काय केलं तं सेफालेक्सिन टाकून त्याचं विभाजन बंद केलं, तो लांबच लांब दोऱ्यासारखा झाला, मंग लायसोझाइम आणि ईडीटीए लावून वॉल काढली आणि त्या दोऱ्याचा मोठा गोळा बनला. त्याच्यावर पिपेट लावली, तोंडानं चोखल्यासारखा दाब दिला, की करंट. सेफालेक्सिन आपल्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारीच अँटिबायोटिक आहे, आणि डोकं असं चालवता येते हे मला त्या शोधापेक्षाही जास्त आवडते.

ई. कोलायमध्ये मुख्य दोन. मोठा एमएससीएल (मेकॅनोसेन्सिटिव्ह चॅनेल लार्ज), लहान एमएससीएस (स्मॉल). एमएससीएलचा जीन १९९४ मध्ये सर्गेई सुखारेव आणि मंडळींनी शोधला, एकूण १३६ अमिनो अ‍ॅसिडचं एवढंसं प्रोटीन, पाच प्रती गोलात उभ्या राहून मधात छिद्र. १९९८ मध्ये कॅल्टेकच्या डग्लस रीस यांच्या लॅबनं त्याची रचना काढली ती टीबीच्या बॅक्टेरियाच्या प्रोटीनवरून. एमएससीएसच्या सात प्रती असतात आणि २००२ मध्ये त्याचीही रचना त्याच लॅबमधून आली. एमएससीएस कमी ताणाला उघडते, साधारण ५-६ मिलिन्यूटन प्रति मीटरला, त्याची वाहकता, म्हणजे त्यातून करंट किती सहज जाते याचं माप, साधारण १ नॅनोसीमेन्स. एमएससीएल दुप्पट ताणाला, म्हणजे अगदी फाटायच्या टेकीला आल्यावर, पण उघडला की ३ नॅनोसीमेन्स आणि छिद्र अडीच-तीन नॅनोमीटर रुंद. एवढ्या छिद्रातून पोटॅशियमच काय, ग्लुटामेट, ट्रेहॅलोज सगळं जाते, तो काही निवड करत बसत नाही. अजून एक फरक, एमएससीएसला हळूहळू ओढत नेलं किंवा ताणून धरलं तं तो उघडता उघडता बंद होऊन बसते, एमएससीएल ताण आहे तोवर दाद देते.

ताण त्यांना कळते कसा? इथं पोट्टे पुस्तकातलं वाक्य पाठ करतात की फोर्स फ्रॉम लिपिड, आणि विचारलं म्हणजे काय तं गप्प. म्हणजे असं, की या चॅनेलला दोरी, सांगाडा, दुसरं प्रोटीन काहीच लागत नाही. शुद्ध प्रोटीन घेऊन नुसत्या लिपिडच्या फुग्यात बसवलं तरी ओढल्यावर उघडते. मेम्ब्रेन ताणली की बाजूला पसरते आणि पातळ होते, त्यातले हेलिक्स तिरपे होऊन एकमेकांपासून सरकतात, मधलं छिद्र रुंद होते. उघडलेल्या एमएससीएलनं मेम्ब्रेनमध्ये व्यापलेली जागा बंद असतानाच्यापेक्षा साधारण २० चौरस नॅनोमीटर जास्त असते. आता ताण गुणिले वाढलेली जागा म्हणजे ऊर्जा. १० मिलिन्यूटन प्रति मीटर गुणिले २० चौरस नॅनोमीटर, येते २ गुणिले १० चा उणे १९ वा घात ज्यूल, म्हणजे खोलीच्या तापमानाला रेणूंची जी नुसती थरथर असते त्याच्या जवळपास ५० पट. म्हणून तो उगाच थरथरीनं उघडत नाही, ताण आल्यावरच उघडते. सगळा सेन्सर म्हणजे एवढंच, जागेचा फरक. ज्याला हे एक गणित समजलं त्याला विषय समजला, बाकी नावं आहेत.

आता कामाला लागू.

कल्चर साधं, रोग न करणारं ई. कोलाय के-१२ घ्या, चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या कल्चर ठेवणाऱ्या संस्थांकडून कॉलेजच्या लेटरहेडवर मागवता येते. नालीतून किंवा हॉटेलच्या पाण्यातून काढलेलं ई. कोलाय या प्रयोगाला वापरू नका, त्यात काय काय असन सांगता येत नाही आणि आपण पुढं ते घट्ट करून हातात घेणार आहो. लॅबमध्ये डीएच-५ अल्फा हा ई. कोलायचा स्ट्रेन पडलेला असते म्हणून तेच घेऊ असं वाटते पण त्याला मिनिमल मीडियममध्ये (नुसती क्षारं आणि साखर असलेल्या) थायमिन दिल्याशिवाय वाढता येत नाही आणि देऊनही रडत रडत वाढते, एमजी-१६५५ सारखं काही मिळालं तं बरं.

मीडियम एम-नाईन (असंच एक मिनिमल मीडियम), ग्लुकोज ०.२ टक्के, आणि त्यात वरून ०.५ मोलर सोडियम क्लोराईड, म्हणजे लिटरला २९.२ ग्रॅम. न्यूट्रिएंट ब्रॉथ काहून नाही? काहून की ब्रॉथमध्ये बीटेन असते, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून येते, बॅक्टेरिया आयतं बीटेन उचलून साठवतात आणि पोटॅशियम कमी ठेवतात, आपल्याला तं पोटॅशियमच पाहिजे. या मिठात वाढ मंद होते, रात्रभर ठेवून सकाळी ओडी (गढूळपणाचं रीडिंग) दिसला नाही म्हणून फेकून देऊ नका, दुपारपर्यंत थांबा. १०० मिली वाढवा, ६०० नॅनोमीटरला ओडी ०.६ ते १ आला की घ्या, साधा कलरीमीटर असन तं लाल फिल्टरवर चालते.

आता धुणं, आणि अर्धे प्रयोग इथंच फसतात. एम-नाईनमध्ये पोटॅशियम फॉस्फेट असते, त्यातून साधारण ८६० पीपीएम पोटॅशियम येते, आणि आपल्याला मोजायचं आहे दहाच्या आतबाहेर. म्हणजे न धुता मोजलं तं फक्त मीडियम मोजल्या जाईन. पण साध्या पाण्यानं किंवा ०.८५ टक्के सलाईननं धुतलं तं धुतानाच डाऊनशॉक होऊन गेट उघडून जाते आणि सगळा माल नालीत. म्हणून धुवायचं पाणी मीडियमइतकंच घट्ट पाहिजे. एम-नाईन स्वतः साधारण २४० मिलिऑस्मोलर, त्यात ०.५ मोलर मिठाचे १०००, बेरीज १२४०. याच्या बरोबरीला ०.६ मोलर सोडियम क्लोराईड आणि १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, समुद्राच्या पाण्याइतकं. फॉस्फेट सोडियमचाच घ्या, डब्यावर नीट वाचा, पोटॅशियमचा डबा अगदी तसाच दिसते. मीठ एआर ग्रेडचं घ्या, घरच्या किंवा स्वस्त मिठात पोटॅशियम मिसळलेलं असते.

सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी पूर्ण काढा, वॉश बफरमध्ये हलवा, पुन्हा फिरवा, असं दोनदा. शेवटी १० मिलीमध्ये घ्या, म्हणजे मूळच्या १० पट घट्ट. सगळं कोमट ठेवा, ३७ च्या आसपास. बर्फात ठेवायची आपल्याला सवय लागलेली असते, पण थंडीच्या धक्क्यानंही बॅक्टेरियातून माल गळते आणि मंग ते ताणामुळं की थंडीमुळं हे वेगळं करता येत नाही. उलट आपल्या एप्रिल-मेमध्ये टेबलावरची बाटलीच ४२ ची असते, तेही नको, वॉटर बाथमध्ये ठेवा. आणि लाईन जायची वेळ पाहून काम सुरू करा, सेंट्रिफ्यूज मधातच थांबला आणि पेलेट (तळाशी बसलेला बॅक्टेरियाचा थर) तासभर ग्लुकोजशिवाय पडून राहिला तं त्याच्यातलं पोटॅशियम असंच झिरपत जाते.

आता शॉक. सात ट्यूब. प्रत्येकीत ९ मिली द्रव, सगळ्यात तोच १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, फक्त मीठ वेगवेगळं, आणि प्रत्येकीत १ मिली घट्ट बॅक्टेरिया. शेवटी ट्यूबमध्ये किती मीठ पाहिजे ते ठरवा, त्याला १० ने गुणा, ०.६ वजा करा, ९ ने भागा, तेवढ्या मोलरचं ९ मिली बनवा. म्हणजे शेवटी ०.३ पाहिजे असन तं ३ वजा ०.६ म्हणजे २.४, भागिले ९, म्हणजे ०.२६७ मोलर. अशा ०.५, ०.४, ०.३, ०.२ च्या ट्यूब, आणि एक बिनामिठाची जिच्यात शेवटी ०.०६ होते. सहावी ट्यूब ०.६ चीच, म्हणजे बॅक्टेरियाला काहीच कळत नाही, हा तुमचा शून्य टक्के. सातवीही ०.०६ चीच पण ती उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवून थंड करायची, सगळं पोटॅशियम बाहेर, हा शंभर टक्के. या दोन ट्यूबशिवाय बाकी पाच ट्यूबला काहीच अर्थ नाही हे रिपोर्ट तपासणाऱ्यानं पहिलं पाहावं.

बॅक्टेरिया द्रवात ओता, द्रव बॅक्टेरियावर नाही. ऐकायला फालतू वाटते पण वरून थेंब थेंब पाणी टाकलं तं मीठ पायरी पायरीनं उतरते आणि तो एकदम बसणारा धक्का राहत नाही. पिपेटनं एका झटक्यात सोडा, ट्यूब उलटी-सुलटी करा, एक-दोन मिनिटं थांबा आणि लगेच सेंट्रिफ्यूज. जास्त थांबू नका, गेट बंद झाल्यावर जिवंत बॅक्टेरिया सांडलेलं पोटॅशियम पंपानं परत ओढून घेतात. ज्यांच्याकडं सिरिंज फिल्टर आहे त्यांनी फिरवण्याऐवजी गाळावं, वेळ वाचते. सुपरनेटंट (वरचं निवळ पाणी) वरून अलगद काढा, पेलेट हलवला तं त्यातलं पोटॅशियमही मोजल्या जाईन.

ही बाटली घेऊन माती परीक्षणवाल्यांकडं जा. कृषी विज्ञान केंद्र असन, कृषी महाविद्यालय असन, कुठंही हंगाम सोडून गेलं तं लोकं मदत करतात, खरिपाच्या आधी मातीच्या नमुन्यांची रांग लागलेली असते तेव्हा जाऊ नका. किती आकडा यायला पाहिजे हे आधी काढून ठेवा: ओडी १ म्हणजे मिलीत जवळपास एक अब्ज पेशी, त्यांचं सगळं पोट मिळून मिलीच्या हजारव्या भागाच्या आसपास, आणि मिठात वाढलेल्या पेशीत पोटॅशियम काहीशे मिलिमोलर. गुणाकार केला तं उकळलेल्या ट्यूबमध्ये दहाएक पीपीएमच्या घरात यायला पाहिजे. ०.१ आलं तं धुताना सांडलं, ८० आलं तं धुतलंच नाही.

मशीनवर एक भानगड आहे, सोडियम. सोडियम जास्त असलं की पोटॅशियमचं रीडिंग खोटंच वाढते, आणि आपल्या ट्यूबमध्ये मीठ वेगवेगळं आहे. म्हणून प्रत्येक मिठासाठी वेगळा ब्लँक आणि वेगळे स्टँडर्ड, त्याच बफरमध्ये बनवलेले, ०, २, ५, १० पीपीएम. माती परीक्षणवाल्यांचे तयार स्टँडर्ड त्यांच्या एक्स्ट्रॅक्टसाठी असतात, ते इथं चालत नाहीत. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तं जास्त मिठाच्या ट्यूबमध्ये जास्त पोटॅशियम दिसून अख्खा ग्राफ उलटा होऊ शकते. आणि जास्त मिठाचे नमुने झाले की प्रत्येक वेळी डिस्टिल्ड वॉटर ओढून बर्नर साफ करा नाही तं मशीनवाला पुढच्या वेळी दारात उभं करणार नाही. डिस्टिल्ड वॉटरही आधी मशीनवर तपासा, बॅटरीचं पाणी आणि आरओचं पाणी दोन्हीवर विश्वास ठेवू नका, खारपाणातल्या आरओच्या पाण्यात तं सोडियम उरलेलंच असते.

टक्केवारी: ट्यूबचं रीडिंग वजा ०.६ वालीचं, भागिले उकळलेलीचं वजा ०.६ वालीचं, गुणिले १००. आडव्या अक्षावर मिठाचा फरक, किंवा त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅटमॉस्फिअर, ०.१ ला ५ च्या हिशोबानं, बिनामिठाची ट्यूब २७ च्या आसपास. उभ्या अक्षावर किती टक्के सांडलं. लहान धक्क्याला फारसं काही सांडत नाही आणि मंग एका टप्प्यानंतर रेष चढते, हे पाहायचं. सरळ शून्यातून चढणारी रेष आली तं कुठंतरी गळती आहे, धुण्याकडं पाहा. एकाच कल्चरच्या तीन ट्यूब करण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी वेगळं कल्चर घेऊन करा, खरा फरक कल्चरमधला असते, पिपेटमधला नाही.

आता कोणीही शहाणा माणूस विचारन की गेट उघडलं कशावरून, बॅक्टेरिया फुटले असतील. हा प्रश्न येणारच, म्हणून त्याच वेळी प्लेट काउंट लावून ठेवा. पोटॅशियम गेलं पण कॉलन्या तेवढ्याच, म्हणजे माल सांडला पण जीव शाबूत. इथंही एक खड्डा आहे. ०.६ वाल्या कंट्रोलचे डायल्युशन साध्या सलाईनमध्ये केले तं तुम्ही कंट्रोललाही शॉक दिला, आणि वर एल-बी अगरमध्ये मीठ जेमतेम ०.१७ मोलर, म्हणजे प्लेटवर पुन्हा शॉक. कंट्रोलचे डायल्युशन ०.६ च्या वॉश बफरमध्येच करा आणि त्याच्या अगरमध्ये मीठ वाढवा. सोबत २६० आणि २८० नॅनोमीटरला सुपरनेटंट पाहिलं तं अजून पक्कं, पेशी फुटल्या असत्या तं डीएनए-आरएनए आणि प्रोटीन बाहेर येऊन तिथं रीडिंग उसळलं असतं. उकळलेल्या ट्यूबशी मात्र याची तुलना करू नका.

फ्लेम फोटोमीटर जमतच नसन तं निनहायड्रिन. ग्लुटामेट अमिनो अ‍ॅसिड आहे, जांभळा रंग येते, ५७० वर मोजा. पण एम-नाईनमधला अमोनियमही निनहायड्रिनला रंग देते, म्हणून धुणं इथंही तेवढंच कडक. डाऊनशॉकनं अमिनो अ‍ॅसिड बाहेर पडतात हे रॉय ब्रिटन आणि मॅक्ल्युअर यांनी १९६२ लाच लिहून ठेवलं होतं, चॅनेल सापडायच्या पंचवीस वर्षं आधी, म्हणजे गळती आधी दिसली आणि दरवाजा नंतर सापडला. आपणही त्याच जागी उभे आहो, गळती पाहून राहिलो.

आणि म्हणून रिपोर्टमध्ये काय लिहायचं यावर जरा भांडतो. या प्रयोगातून एमएससीएल उघडला असं लिहू नका. पोटॅशियम ताणाच्या एका टप्प्यानंतर झपाट्यानं बाहेर पडलं आणि पेशी जिवंत राहिल्या, एवढंच तुम्ही पाहिलं. कोणतं गेट ते सांगायला म्युटंट लागते. त्यातही एकच जीन काढलेला म्युटंट मागवून पैसे घालवू नका, १९९९ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या इयान बूथ यांच्या गटानं दाखवलं की एमएससीएल एकटा काढला किंवा एमएससीएस एकटा काढला तरी बॅक्टेरिया तगते, दोन्ही काढले तेव्हाच मोठ्या डाऊनशॉकमध्ये मरते. एक दुसऱ्याचं काम सांभाळून घेते. ई. कोलायमध्ये असे एकूण सात चॅनेल आहेत. गॅडोलिनियम (असे चॅनेल अडवणारा धातूचा आयन) टाकून चॅनेल बंद करून दाखवतो असंही कोणी म्हणन, तं आपल्या बफरमध्ये फॉस्फेट आहे आणि गॅडोलिनियम फॉस्फेटसोबत खाली बसून जाते, काही बंद होणार नाही आणि निष्कर्ष मात्र चुकीचा निघन.

व्हायव्हाला कामात येईल म्हणून एवढं सांगतो, उपयोग काय विचारलं तं चायनीजच्या गाड्यावरचं अजिनोमोटो सांगा. ते बनवणारा कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम ग्लुटामेट बाहेर टाकते ते एमएससीएसच्याच नात्यातल्या चॅनेलमधून, आणि कारखान्यात बायोटिन कमी करून किंवा पेनिसिलिन टाकून त्याची मेम्ब्रेन-वॉल बिघडवतात ती त्याचसाठी. टीबीच्या जमान्यातलं डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन एमएससीएलच्या छिद्रातून आत शिरते हेही दाखवल्या गेलं आहे. माणसातले पिएझो चॅनेल वेगळ्या घराण्यातले, २०१० ला सापडले आणि २०२१ चं नोबेल त्यातूनच आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं, पण ते विचारल्याशिवाय काढू नका, पुढचे प्रश्न जड जातात.

काम झालं की सगळे बॅक्टेरिया, पेलेट, प्लेटा १५ पाऊंडवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचं. के-१२ निरुपद्रवी असलं तरी.

एखाद्या पोट्ट्याला खरोखर खारपाणाच्या मातीवरच काम करायचं असन तं पोटॅशियम विसरा. मातीचे कण स्वतःच पोटॅशियम सोडतात आणि धरतात, काळ्या चिकण मातीत तं फारच, बॅक्टेरियाचं कोणतं आणि मातीचं कोणतं हे मशीनला कळत नाही. त्यापेक्षा कार्बन डायऑक्साईड मोजा. वाळलेली माती ओली केली की एकदम श्वासाचा भपका निघते, पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५० च्या दशकात हे मांडलं, त्यांच्याच नावानं बर्च इफेक्ट. डाऊनशॉकनं सांडलेला माल शेजारचे जंतू खातात हे त्याचं एक कारण मानतात, एकमेव नाही. मोठ्या तोंडाच्या काचेच्या बरणीत ५० ग्रॅम वाळलेली माती, आत छोट्या बीकरमध्ये मोजून सोडियम हायड्रॉक्साईड, मातीवर पाणी शिंपडून झाकण घट्ट, २४ तासानं बेरियम क्लोराईड टाकून उरलेला अल्कली हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं टायट्रेट करा, फिनॉल्फथॅलीनवर. एक बरणी कोरडीच, एक ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीची, एक रिकामी. खारपाणाच्या मातीचा पीएच जास्त, ती स्वतः थोडा कार्बन डायऑक्साईड पिऊन घेते, म्हणून ऑटोक्लेव्हवाली बरणी सोडून चालणार नाही. आणि एका बरणीत पाण्याऐवजी त्या मातीइतकंच खारं पाणी शिंपडा, साध्या पाण्याशी फरक आला तं त्यात मिठाच्या धक्क्याचा काही वाटा असू शकते, यापलीकडं लिहू नका. माती मात्र मे महिन्यातच, वरचे दोन इंच, कागदी पिशवीत भरून सावलीत ठेवा, एकदा पाऊस पडून गेला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागते.